गटाचे व्हिडिओ ठेवायचे कुठे?



आमसुलं सुकवण्याची पद्धत, हिशेबाचं प्रशिक्षण, म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या, सगळं आपण फोनवर घेतो. फोन भरला की त्यातलंच काहीतरी पुसतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा आपल्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, पत्रे उडाले, कितीतरी दिवस लाईट नव्हती. सुपारी पुन्हा लावता येते. गेलेल्या आजीचा आवाज पुन्हा मिळत नाही.

म्हणून हे सगळं एका जागी ठेवायचं आणि गटाच्या खोलीतल्या टीव्हीवर किंवा कुणाच्याही फोनवर बघायचं. त्याचे दोन मार्ग आहेत. दोन्हींना इंटरनेट लागत नाही, साधा वायफाय राउटर पुरतो. त्यामुळे टॉवर बंद असला तरी आपलं चालतं.

पहिला मार्ग नेटवर्क स्टोरेजचा. हा छोटा डबा असतो, आत एक-दोन हार्ड डिस्क. याला आपली कोठीची खोली समजा. ठेवलं तसं काढून देते. दुसरा मार्ग घरच्या सर्व्हरचा, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरवर जेलीफिनसारखं मोफत सॉफ्टवेअर टाकायचं. हे झालं स्वयंपाकघर. दात नसलेल्याला भाकरी कुस्करून द्यावी, तसा नव्या फोनचा व्हिडिओ जुन्या टीव्हीला झेपला नाही तर सर्व्हर तो बदलून देतो. हे काम जड असतं. स्वस्तातल्या डब्याला ते जमत नाही, व्हिडिओ अडकत चालतो.

मग सर्व्हरच का नको? विजेचा हिशेब करू. डबा २० वॉट आणि जुना कॉम्प्युटर ८० वॉट घेतो असं धरा. रात्रंदिवस चालू ठेवला तर महिन्याला डब्याचे साधारण १५ युनिट होतात, कॉम्प्युटरचे ५८. शिवाय कॉम्प्युटर बिघडला की जाणती मुलगी हाताशी हवी. ती लग्न होऊन मुंबईला गेली तर पुढे कोण बघणार, हे आधीच ठरवा. डब्याला देखभाल कमी, पण तो आणि त्याच्या डिस्क विकत घ्याव्या लागतात. जुना कॉम्प्युटर घरात असेल तर तो खर्च वाचतो.

माझं मत विचाराल तर, नुसतं जपायचं आणि बघायचं असेल तर डबा घ्या. टीव्ही जुना असेल, कॉम्प्युटर आधीच असेल आणि सांभाळणाऱ्या दोघीजणी असतील, तर सर्व्हर करा. फक्त बैठकीच्या दिवशी चालू केला तरी चालतो.

फोनवरचा चांगल्या प्रतीचा एक तासाचा व्हिडिओ साधारण ८ जीबी होतो. म्हणजे २ टीबीच्या डिस्कवर अडीचशे तास मावतात. डब्यात दोन डिस्क घालून दोन्हींवर तेच ठेवलं, तर एक बिघडली तरी दुसरी राहते. पण चुकून पुसलं तर दोन्हींतून जातं. आणि वादळात खोलीत पाणी शिरलं तर दोन्ही एकदमच जातात. म्हणून तिसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढा आणि ती किनाऱ्यापासून आत, वरच्या गावातल्या मैत्रिणीकडे ठेवा. दर महिन्याला ताजी करा. खारी हवा लोखंडालाही खाते, तेव्हा डबा जमिनीपासून उंच आणि कोरड्या जागी हवा. सोबत छोटा यूपीएस घ्या, कारण लाईट अचानक गेली की डिस्क बिघडू शकते.

कर्जाच्या नोंदी आणि आधारचे फोटो यात सगळ्यांसाठी उघडे ठेवू नका. पासवर्ड दोघींकडे असू द्या. जिचा आवाज घेतला, तिला आधी विचारा.

पैसे गटाचे आहेत, तेव्हा निर्णयही गटाचा हवा. येत्या बैठकीत तीन गोष्टी ठरवून ठराव वहीत लिहा. काय जपायचं, कोण सांभाळणार आणि तिसरी प्रत कुठे राहणार. दुकानात त्यानंतर जा.