जाणाऱ्या पार्सलांचा हिशेब



वर्धेलगतच्या पिपरी मेघेतल्या या सभेत दुकानदार आहेत, बचत गटांच्या ताई आहेत, शेतकरी आहेत, चार लिहिणारी माणसंही आहेत. विषय आहे ऑनलाइन विक्रीच्या वाढीचा आणि तिच्यातून पदरात काय पडतं याचा. वर्धेत हा विषय निघाला की पहिलं नाव जे. सी. कुमारप्पांचं घ्यावं लागतं. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, म्हणजे मगनवाडीत, त्याचं काम सुरू झालं आणि कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. लंडनमध्ये हिशेबतपासणी आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस खेड्याचाही जमाखर्च मांडत होता. गावात काय येतं, गावातून काय जातं आणि या देवघेवीत गावाच्या हाती काय उरतं?

हिंगणघाटचा कापूस आगगाडीने गेला आणि गिरणीचं कापड होऊन परत आला, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर गावाला महागात पडलं होतं.

आज तोच प्रश्न मोबाइलच्या पडद्यावर उभा आहे. फ्लिपकार्ट २००७ मध्ये सुरू झालं, अ‍ॅमेझॉनने २०१३ मध्ये भारतात दुकान थाटलं, एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि पैसे देणं-घेणं हातातल्या फोनवर आलं. खरेदीदाराचा फायदा तर उघड आहे. सावंगीच्या मेडिकलच्या विद्यार्थ्याला पुस्तक हवं, कुणाच्या जुन्या मिक्सरचं भांडं फुटलं, कुणाला पायाच्या वेगळ्या मापाची चप्पल हवी. पूर्वी यासाठी नागपूरची, सीताबर्डीची एक खेप ठरलेली. एसटीचं भाडं, बुडालेला दिवस आणि शेवटी जे मिळेल ते. ती खेप वाचते, तिचा पैसा घरात राहतो. लहान गावाच्या माणसाला मोठ्या शहराइतकीच निवड मिळते, ही गोष्ट मोठीच आहे.

पण एवढ्यावर समाधान मानता येत नाही. चीन सरकारने खेड्यांपर्यंत ऑनलाइन व्यापार नेण्याची मोठी मोहीम राबवली, तेव्हा अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने तीन प्रांतांतल्या आठ परगण्यांतली शंभर खेडी पाहिली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष नीट ऐकण्यासारखा आहे. फायदा झाला तो मुख्यतः खरेदी करणाऱ्यांचा, त्यातही थोड्या, तरुण आणि बऱ्या परिस्थितीतल्या घरांचा. जिथे आधी पार्सलच पोचत नव्हतं, तिथे तो अधिक दिसला. विकणाऱ्या गावकऱ्याच्या उत्पन्नात मात्र सरासरीने फारसा फरक पडला नाही.

त्याच चीनमध्ये शाजीही आहे. जिआंग्सू प्रांतातल्या या भागात सुन हान या तरुणाने २००६ मध्ये ऑनलाइन दुकान उघडलं, पुढे साधं लाकडी फर्निचर गावातच बनवून विकायला घेतलं. शेजाऱ्यांनी पाहिलं, शिकलं. मग फळ्या कापणारे आले, खोकी बनवणारे आले, कुरिअरवाले आले आणि परिसराचा धंदाच बदलला. दोन्ही चित्रं खरी आहेत. नुसती इंटरनेटची तार घरात आल्याने गाव श्रीमंत होत नाही. विकण्याजोगी वस्तू, ती बनवणारे हात आणि शेजाऱ्याकडून शिकण्याची तयारी या गोष्टी एकत्र आल्या की पैसा गावात उतरतो.

वर्धा जिल्ह्यात अशी वस्तू नाही असं कोण म्हणेल? समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ही हळद पोत्यात भरून बाजारात गेली की ढिगात मिसळते आणि वायगावचं नाव तिथेच सुटतं. तीच हळद दळून, पाकिटात बंद करून, नावानिशी पुण्यातल्या स्वयंपाकघरात पोचली तर दळणाची, पॅकिंगची, नावाची किंमत गावात राहते. नैसर्गिक रंगाची खादी, गोरसपाक, बचत गटांचे पापड, कुरडया, सगळ्यांची गोष्ट हीच. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो आणि जून २०२५ पासून तो पूर्ण खुला आहे. रस्ता दोन्ही दिशांना धावतो, हे आपण विसरू नये.

वाटेत काटे आहेत, आणि ते इथे बोलायलाच हवेत. जीएसटी आल्यावर ऑनलाइन माल विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यालाही नोंदणीची सक्ती होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ४० लाखांच्या आतल्या उलाढालीला ती माफ झाली, पण राज्यातल्या राज्यात विकलं तरच. म्हणजे हळद पावडरीसारखा करपात्र माल नोंदणीशिवाय सातशे किलोमीटरवरच्या मुंबईला जाऊ शकतो, यवतमाळच्या पलीकडच्या, तेलंगणातल्या आदिलाबादला नाही! ही सीमा घरगुती उद्योगासाठी सैल झाली पाहिजे, अशी मागणी या व्यासपीठावरून व्हावी. दुसरा काटा परत येणाऱ्या मालाचा. कॅश ऑन डिलिव्हरीचं गिऱ्हाईक दारात नको म्हणालं की जाण्यायेण्याचा खर्च आणि फाटलेलं खोकं बहुधा विकणाऱ्याच्याच माथी. चार पार्सलांपैकी एक परत आलं तर पापडातला नफा उरत नाही.

आणि पार्सल घेऊन येणारा पोरगा? नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०–२१ मध्ये देशात सगळ्या प्रकारच्या गिग कामगारांची, म्हणजे कामागणिक पैसे मिळणाऱ्यांची संख्या ७७ लाख होती. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, मे महिन्यातलं वर्धेचं ऊनही त्याचंच. सामाजिक सुरक्षा संहितेने कंपन्यांना त्यांच्या उलाढालीचा एक ते दोन टक्के वाटा या कामगारांसाठी काढायला सांगितलं आहे. त्या पोराच्या अपघात विम्यापर्यंत हा वाटा पोचेल, तेव्हाच ऑनलाइन व्यापाराने रोजगार दिला असं म्हणता येईल.

गिऱ्हाईक ऑनलाइनकडे वळेल, ही किराणा दुकानदार मित्रांची धास्ती खोटी नाही. तरी महिनाअखेरीला वहीत मांडून मिळणारी उधारी, गिऱ्हाइकाच्या घरातल्या आजाऱ्याची चौकशी, पाच रुपयांची मोहरी, हे अजून कुठल्या गोदामातून येत नाही. त्यांनी फोनवर ऑर्डर घ्यावी, गावातल्या गटांचा माल आपल्या फळीवर ठेवावा, पाठवणीचं केंद्र व्हावं. गल्लीची ओळख हे त्यांचं भांडवल आहे.

बचत गटांच्या ताईंना काही विनंत्या. खाद्यपदार्थ असेल तर अन्न व्यवसायाची साधी नोंदणी करून घ्या. छोट्या उलाढालीला ती पुरते. मग दहा-बारा घरांनी मिळून एकच नाव, एकच चव, एकच वजन ठरवा आणि पहिली पन्नास पाकिटं आपल्याच पुण्या-मुंबईतल्या वर्धेकरांना पाठवा. आणि येत्या महिन्यापासून पिपरी मेघेत किती पार्सलं आली आणि इथून किती गेली, याची एक वही कुणीतरी ठेवा. पुढच्या वर्षीच्या सभेत ती वही सगळ्यांसमोर वाचली जावी.