दारू सुटल्यानंतरचा मेंदू



या व्यासपीठावर डॉक्टर बोलतात, प्राध्यापक बोलतात. आमचे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा मेंदूसारख्या विषयाला आम्ही का हात घालावा, असे कोणाच्या मनात आले तर ते रास्तच आहे. कारण एवढेच, की दारू सोडून कामावर परतलेल्या माणसाची बाजू खात्यांतर्गत चौकशीत मांडण्याची पाळी आमच्यावर वारंवार येते. "आता पीत नाही म्हणता, मग असा वेंधळ्यासारखा का वागतो?" या प्रश्नाला तेथे उत्तर द्यावे लागते.

मेंदूला शांत करणारे गाबा नावाचे एक द्रव्य आहे. दारू त्याचा जोर वाढवते. चेतवणारे दुसरे आहे ग्लुटामेट; त्याचे काम ती दडपते. वर्षानुवर्षे रोज असे होऊ लागले, की मेंदू तोल सावरण्यासाठी उलट बाजूने जोर लावतो. बाहेरून कोणी दार ढकलीत असावे आणि आतल्यांनी खांदा देऊन ते रेटून धरावे, तसा हा प्रकार. बाहेरचा एकाएकी बाजूला झाला, तर आतले तोंडघशी पडतात. दारू एकदम बंद केली की हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते, ते यामुळे. पहिल्या दोन दिवसांत काहींना फेफरे येते; दोनतीन दिवसांनी काहींना भ्रम होऊन भिंतीवर किडे, साप दिसू लागतात. यात माणूस दगावतोही. म्हणून नवऱ्याला खोलीत कोंडून त्याची दारू सोडवू पाहणाऱ्या भगिनींना आमचे हात जोडून सांगणे आहे, की जुन्या पिणाऱ्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच तोडावी.

दुसरी गोष्ट अन्नाची. पिणारा धड जेवत नाही, आणि जे खातो त्यातले ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, दारू नीट अंगी लागू देत नाही. ते फार घटले तर स्मरणाची यंत्रणाच मोडते. १८८७ साली मॉस्कोत कोर्साकोव्ह नावाच्या डॉक्टरांनी अशा रोग्यांचे वर्णन केले. त्यांना जुने आठवते, सकाळचे आठवत नाही. आणि मधली रिकामी जागा ते कल्पित हकिकतींनी भरतात. घरचे म्हणतात, खोटे बोलतो. तो खोटे बोलत नसतो. त्याला ते खरेच वाटत असते. वेळीच थायमिनची इंजेक्शने मिळाली, तर पुष्कळदा हे टळते.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या साहाय्याने मुक्तांगण सुरू केले. तेथून आणि तशा इतर केंद्रांतून माणूस घरी येतो, तेव्हा पेढे वाटतात. पण अंगातली दारू गेली तरी मेंदूची डागडुजी अर्धीही झालेली नसते. आक्रसलेला मेंदू दारू सुटल्यावर पुन्हा भरू लागतो, हे मेंदूच्या प्रतिमा घेऊन शास्त्रज्ञांनी दाखविले आहे. पहिल्या काही आठवड्यांत वेग अधिक असतो, पुढे काम महिनोन् महिने चालते. सर्वांचेच सगळे भरून येते असे नाही. विड्यासिगारेटी ओढणाऱ्यांची सुधारणा मंद असल्याचेही आढळले आहे. तेव्हा "दारू सुटली ना, मग विडी राहू दे" ही उदारता महाग पडते.

या काळात काय अडते? हातात बसलेले काम अडत नाही; वीस वर्षांचा फिटर पाना विसरत नाही. तीनचार सूचना एकदम दिल्या, की तिसरी करताना पहिली निसटते. नवे शिकणे, बेत आखणे, चुकीची सवय ऐनवेळी आवरणे, हे जड जाते. झोप तर कित्येक महिने विस्कळीत असते. शिवाय सुखाशी संबंध असलेल्या डोपामिनची व्यवस्था मंदावलेली असते. मुलीचे लग्न ठरले तरी चेहरा कोरा! बायकोला वाटते, याला आमचे काहीच नाही. पण पगाराच्या दिवशी गुत्त्याच्या गल्लीवरून जाताना तोच मेंदू खडबडून जागा होतो.

आमच्या एका सभासदाला केंद्रातून परतल्यावर आठव्या दिवशी रात्रपाळीला, अनोळखी प्रेसवर उभे केले. दोन महिन्यांत त्याला तीन मेमो मिळाले. तिसऱ्यानंतर तो पुन्हा प्यायला आणि नोकरी गेली. दारूवर खापर फोडून फाइल बंद झाली. आम्हांस हा निकाल मान्य नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ च्या आपल्या आचारसंहितेत दारूच्या समस्येकडे आरोग्याची समस्या म्हणून पाहावे असे म्हटले आहे, आणि आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येतही दारूमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था येतात. पाय मोडलेल्याला हलके काम देता, तर यालाही द्या. पिऊन यंत्रावर येणाऱ्याची तरफदारी आम्ही करीत नाही. तो आपल्याबरोबर दुसऱ्याचेही बोट तोडतो.

मागणी साधी आहे: पहिले सहा महिने दिवसपाळी, ओळखीचे काम, पगार घरच्यांना कळेल अशा रीतीने, आणि कामाचा क्रम कागदावर लिहून यंत्रापाशी टांगलेला. एका व्यवस्थापकांनी या शेवटच्या कलमाला हरकत घेतली. म्हणाले, "मग बाकीचेही तो कागद वाचून काम करतील." आम्ही म्हणालो, "करू द्या की!"