चिलटाचे पंख आणि माणसाचे रक्त



आजचा विषय आहे चिलट. जळगावकरांना त्याची ओळख करून द्यावयास नको. केळी जरा अधिक पिकली, की तिच्याभोवती घिरट्या घालणारा हा जीव जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचा. आंबा-पेरू नासविणारी फळमाशी वेगळी. चिलट फळ आंबू लागल्यावर येते आणि त्यावरील किण्वावर जगते. शास्त्रज्ञ त्याला ड्रॉसोफिला म्हणतात.

एका बाटलीत शेकडो चिलटे पोसता येतात, दहाएक दिवसांत नवी पिढी तयार होते, आणि रंगसूत्रांच्या जोड्या अवघ्या चार. म्हणून प्रयोगशाळेने त्याला जवळ केले. 1910 साली न्यूयॉर्क येथे मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या चिलटांत एक पांढऱ्या डोळ्यांचे चिलट आढळले, आणि जनुके रंगसूत्रांवर असतात हे सिद्ध होण्याची वाट मोकळी झाली.

पण त्यातून मोठा प्रश्न उभा राहतो. डोळ्याच्या आणि आतड्याच्या पेशीत जनुके तीच असतात. मग एक डोळा आणि दुसरे आतडे का होते? धुळे जिल्ह्यातील पांझरेकाठच्या फडपद्धतीचे उदाहरण घ्या. पाटाचे पाणी एकच. कोणत्या फडाला ते केव्हा द्यावयाचे, हे पाटकरी ठरवितो. जनुकांच्या आसपास डीएनएचे असेच काही तुकडे असतात. ती जणू पाटाची दारे. विशिष्ट प्रथिने त्यांवर येऊन बसतात आणि जनुक चालू किंवा बंद करतात. ती प्रथिने म्हणजे पाटकरी.

चिलटाला पंख दोनच. मागच्या जोडीच्या जागी तोल सांभाळणारी दोन इवलीशी बोंडे असतात. अमेरिकेतील एडवर्ड लुईस यांनी काही उत्परिवर्तने एकत्र आणून चक्क चार पंखांचे चिलट घडविले! अल्ट्राबायथोरॅक्स नावाच्या जनुकाचा अंमल त्या भागातून उठला, की बोंडांचे पंख होतात. लक्षात घ्या, येथे बिघाड प्रथिनाच्या आराखड्यात नव्हता, दारांत होता. लुईस यांना 1995 साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

पुढचा प्रश्न पुण्याच्या आयसर संस्थेत एल. एस. शशिधर व त्यांचे सहकारी यांनी हाती घेतला. मधमाशीतही हे जनुक आहे, तरी तिला मागचे पंख आहेतच. असे का? चिलटाचा संपूर्ण जनुकसंच 2000 साली वाचला गेला होता. इतर कीटकांचेही पुढे वाचले गेले. त्यामुळे अशी तुलना शक्य झाली. 2016 साली त्यांनी चिलट, मधमाशी आणि रेशमाचा कीटक यांची तुलना प्रसिद्ध केली. तिघांतही हे प्रथिन पुष्कळशा त्याच जनुकांपाशी बसते. परंतु पंख घडविणाऱ्या काही जनुकांवर त्याचा अंमल चिलटात निराळा झाला आहे. पाटकरी तोच, दारांची रचना बदलली.

कोणी विचारील, याचा आम्हांला काय उपयोग? सातपुड्याच्या परिसरातील भिल्ल व पावरा समाजांत सिकल सेल हा रक्ताचा आजार आढळतो. प्रौढ हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराची चूक असते. गर्भात मात्र दुसरे हिमोग्लोबिन असते. त्याचे जनुक निर्दोष असते, पण जन्मानंतर ते मिटले जाते. त्याला मिटून धरणाऱ्या प्रथिनाचे दार रक्तपेशींत निकामी करणाऱ्या उपचाराला 2023 साली ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. हा उपचार थेट चिलटातून निघाला असे मी म्हणणार नाही. पण जनुकांना दारे असतात आणि ती हलविता येतात, हा विचार रुजविण्यात चिलटाचा वाटा मोठा आहे.

त्या उपचाराची अमेरिकेतील किंमत 22 लाख डॉलर. पाड्यावरच्या मुलाला तो कधी मिळणार? तोवर हायड्रॉक्सियुरिया हे स्वस्त औषध आहे; तेही बहुतांश रुग्णांत गर्भातील हिमोग्लोबिन वाढविते. आणि रक्ततपासणी आहे. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याचा संभव चारांत एक. वाहक स्वतः सामान्यतः निरोगी असतो. त्यात लाजण्यासारखे काही नाही. 1 जुलै 2023 पासून या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली आहे.

ज्ञान वर चढते, पण खाली उतरायला त्यालाही पाट लागतात. ते खणणे आपल्या हाती आहे.