बाई म्हणून की काळी म्हणून?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास-शिबिरात केलेले भाषण)



आज मी तुमच्यापुढे अमेरिकेतला एक खटला मांडणार आहे. तिथल्या पाच काळ्या कामगार बायकांनी कोर्टाला एक साधा प्रश्न विचारला होता. त्याचं कोर्टाने काय केलं, ते आपण नीट पाहू.

सेंट लुईस शहरात जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना होता. १९६४ पूर्वी ही कंपनी काळ्या बायकांना कामावर घेतच नसे. त्या वर्षी नागरी हक्क कायदा आला. वंश, रंग, धर्म, लिंग किंवा मूळ देश पाहून नोकरीत भेदभाव करायला त्याने बंदी घातली. मग काळ्या बायकांसाठी दार किलकिलं झालं. पुढे मंदी आली आणि कामगारकपात सुरू झाली. नियम सेवाज्येष्ठतेचा, म्हणजे जो शेवटी लागला तो आधी बाहेर. १९७० नंतर लागलेल्या सगळ्या काळ्या बायकांच्या नोकऱ्या गेल्या.

नियम कागदावर सर्वांना सारखा होता. पण या बायका उशिरा का लागल्या? आधी त्यांना दारातच उभं केलं जात नव्हतं म्हणून! जुन्या अन्यायाचीच नव्या नियमाने वजाबाकी केली.

पाच जणी कोर्टात गेल्या. ‘डिग्राफनरीड विरुद्ध जनरल मोटर्स’ या नावाने तो खटला ओळखला जातो. १९७६ मध्ये निकाल लागला. कोर्ट म्हणालं, कंपनी १९६४ पूर्वीही बायकांना नोकरी देत होती, तेव्हा लिंगभेद झालेला नाही. त्या बायका गोऱ्या होत्या, याचा कोर्टाला फरक पडला नाही. मग वंशभेदाचं काय? त्यासाठी याच कंपनीविरुद्ध चालू असलेल्या वंशभेदाच्या दुसऱ्या खटल्यात सामील व्हा, असं सुचवलं गेलं. दोन्ही मिळून एक तक्रार करता येणार नाही; तसं केलं तर नवनव्या गटांना अंतच राहणार नाही, अशी कोर्टाला भीती वाटली.

म्हणजे बाई म्हणून या, नाहीतर काळी म्हणून या. पण कामावरून काढताना कंपनीने त्यांचे असे दोन तुकडे केले होते का?

वरच्या कोर्टाने १९७७ मध्ये हा युक्तिवाद आपल्याला पूर्णपणे मान्य नसल्याचं नोंदवलं, पण सेवाज्येष्ठतेच्या नियमाला हात लावला नाही. काळ्या पुरुषांवर वा गोऱ्या बायकांवर अन्याय झाला नसला तरी काळ्या बाईवर तो होऊ शकतो, हे १९८० मध्ये दुसऱ्या एका खटल्यात अपील कोर्टाने मान्य केलं. आणि १९८९ मध्ये किंबर्ली क्रेनशॉ या काळ्या कायदेतज्ज्ञ बाईंनी असेच खटले तपासून ‘इंटरसेक्शनॅलिटी’ ही कल्पना मांडली. त्यांनी चौकाचं उदाहरण दिलं. चौकात उभ्या असलेल्या बाईला कोणत्याही रस्त्याने येणारी गाडी धडकू शकते, कधी एकाच वेळी दोन्हींकडून. अशा वेळी कोणत्या गाडीने किती मोडलं, हे आधी सिद्ध कर म्हणून तिला अडवून ठेवायचं का?

कायदा नेहमी उघडपणेच वगळतो असं नाही. अमेरिकेत १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षा कायदा झाला. त्यात घरकाम करणारे आणि शेतमजूर धरले नव्हते. कायद्यात ‘काळ्या बाया’ असा शब्दही नव्हता. पण १९४० च्या सुमारास नोकरी करणाऱ्या काळ्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक दुसऱ्याच्या घरी राबत होत्या. १९३८ च्या किमान वेतनाच्या कायद्याचं संरक्षण घरकामगारांना १९७४ मध्ये मिळालं. छत्तीस वर्षं! एका बाईची कामाची सगळी उमेद त्यात सरते.

या बायका गप्प बसल्या नव्हत्या. बॉस्टनमधल्या काळ्या स्त्रीवाद्यांच्या गटाने १९७७ मध्ये आपलं निवेदन लिहिलं. गटाचं नाव कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह. १८६३ मध्ये हॅरिएट टबमन या, स्वतः गुलामीतून निसटलेल्या बाईच्या पुढाकाराने त्या नदीकाठच्या मोहिमेत सातशेहून अधिक गुलाम मुक्त झाले होते. वंश, लिंग, वर्ग आणि लैंगिकता यांवरचे जुलूम एकमेकांत गुंतलेले आहेत आणि लढाही तसाच हवा, असं त्या म्हणाल्या.

आपल्याकडे हे नातं जुनं आहे. अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्यांना जोतिरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली. १९७२ मध्ये दलित पँथरने नाव घेतलं ते तिथल्या ब्लॅक पँथरवरून. जात आणि वंश एकच नव्हेत. तरी स्त्री चळवळीत सवर्ण बाई आणि दलित चळवळीत पुरुष, मग आमचं काय, हा दलित बायकांचा सवाल आपण ऐकलेला आहे. १९९५ मध्ये दलित बायकांचा राष्ट्रीय महासंघ स्वतंत्र उभा राहिला, तो याच सवालातून. ‘यामुळे फूट पडेल’ असं तेव्हा म्हणणाऱ्या आपल्यातही होत्या. मला विचाराल तर, एकीच्या नावाखाली जिला गप्प बसवलं जातं तिच्यासाठी ती एकी नसतेच.

म्हणून दुपारच्या गटचर्चेसाठी एक काम सुचवते. आपल्या संघटनेची गेल्या पाच वर्षांची मागणीपत्रकं काढा. प्रत्येक मागणीपुढे लिहा, ती करताना आपल्या डोळ्यांसमोर कोणती बाई होती? आणि तिच्या घरी भांडी घासणारी बाई त्या मागणीत बसते का? जिथे बसत नसेल तिथे तिला बोलवा आणि मागणी तिच्याकडूनच नव्याने लिहून घ्या.