कोऱ्या बारदानावरचा कुंचला



आम्ही हमाल-कामगारांत वावरलेली माणसे. आम्ही संगणकाच्या पोटातला विषय का घ्यावा, असे नांदेडकर श्रोत्यांस वाटेल. पण लातूरच्या आडतीत बारदानावरच्या खुणा ज्याने पाहिल्या, त्याला हा विषय परका नाही.

लिनक्स ही कार्यप्रणाली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली फिनलंडात सुरू केली. तिच्यात साठवणीच्या उपकरणांसाठी ड्रायव्हर असतात. उपकरण कसे आहे, हे ते खुणांनी कळवितात. जुन्या डिस्कची तबकडी फिरे. तिच्या कामाला कधी कमी वेळ लागे, कधी अधिक. या अनिश्चिततेचा उपयोग गुप्त किल्ल्यांना लागणारे बेभरवशाचे आकडे जमविण्यास होई. तशी खूण रांगेवर आधीच मांडलेली असे. न फिरणाऱ्या उपकरणांचे ड्रायव्हर ती पुसून टाकीत.

२०१४ च्या ३.१३ आवृत्तीत रांगांची नवी पद्धत आली. २०१९ च्या ५.० मध्ये जुनी निघाली. आता ती खूण आरंभी नसतेच. तरी पुसण्याची ओळ कित्येक ड्रायव्हरांत राहून गेली. कोऱ्या बारदानावर कुंचला फिरविण्यासारखेच हे! अशा ओळी मग काढण्यात आल्या. २०२४ च्या ६.११ मध्ये दुसरी एक रीत उलटली. पूर्वी न फिरणाऱ्याने 'मी फिरत नाही' म्हणावयाचे. आता फिरणाऱ्यानेच 'मी फिरतो' म्हणावे. बाहेरून वाचणाऱ्यास मात्र पूर्वीचाच आकडा मिळतो: फिरणाऱ्यास १, न फिरणाऱ्यास ०.

त्या ओळीने काही बिघडत नव्हते. मग ती का काढावी? कारण नवा लिहिणारा जुन्याची नक्कल करतो. निरर्थक ओळ गरजेची समजून तो पुढे नेतो, आणि चुकीची समजूत रूढ होते.

'अनावश्यक' हा शब्द आमच्या ओळखीचा आहे. गिरणीच्या फाटकावर तो माणसांना लावलेला आम्ही ऐकला आहे. येथे मात्र ओळ काढणाऱ्याला कारण लेखी द्यावे लागते, ते चार जाणत्यांपुढे उघड तपासले जाते, आणि वापरणाऱ्यांशी चालत आलेला करार मोडू दिला जात नाही. निर्जीव ओळीची एवढी सुनावणी होते. कामावरून काढावयाच्या माणसाची निदान तेवढी तरी व्हावी, हे आमचे मागणे आपण जास्त समजाल काय?