मोठीं चित्रें लहान करतांना

जुन्या पोथ्यांचीं आणि मासिकांचीं पानें यंत्रानें टिपून ठेवण्याचें काम हल्लीं अनेक ग्रंथालयांतून चाललें आहे. ए-४ आकाराचें एक पान इंचास ६०० बिंदु या प्रमाणानें टिपलें, तर तें सुमारें ४,९६० बिंदु रुंद आणि ७,०१६ बिंदु उंच भरतें. म्हणजे जवळजवळ ३ कोटी ४८ लाख बिंदु. दर बिंदूस ४ बाइट धरले, तर उलगडतांच तें स्मृतींत १३ कोटी ९२ लाख बाइट अडवून बसतें. वाचकाला सूचींत हवें असतें तें याच्या अष्टमांश रुंदीचें चित्र. तेवढ्यासाठीं तो तिष्ठत राहतो, आणि अशीं वीस पानें एकदम उघडलीं कीं पुष्कळदां प्रोग्रामच स्मृति संपल्याची तक्रार करून प्राण सोडतो.

जावा ही भाषा १९९५ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्या १.१ या आवृत्तीपासून 'गेटस्केल्डइन्स्टन्स' नांवाची सोय आहे, आणि नवशिका प्रथम तिच्याच दारीं जातो. तिचा 'स्मूथ' हा पर्याय सर्व बिंदूंची सरासरी इमानानें काढतो. चित्र सुरेख उतरतें. परंतु ती रचना चित्रें तारेवरून तुकड्यातुकड्यांनीं येत त्या काळची : पुरवठादारानें एकेक रांग पुढें करावी, ग्राहकानें ती घ्यावी. आज सबंध चित्र हातीं असतांनाहि ती तोच द्राविडी प्राणायाम करते.

तिच्याऐवजीं 'ग्राफिक्स-टूडी'चें 'ड्रॉइमेज' वापरावें, हें ठीक. तेथें सर्वांत जलद रीत म्हणजे जवळचा एकच बिंदु उचलणें. पण आपल्या लिपीवर ती फार अन्याय करते. शिरोरेषा चार-पांच बिंदु जाड. आठ रांगांतून एकच रांग ठेवली, तर कोठें शिरोरेषा राहते, कोठें समूळ नाहींशी होते. 'बायलिनियर' रीत चार शेजाऱ्यांना विचारते. तथापि अष्टमांश करतांना एका बिंदूच्या जागीं मूळचे ६४ असतात, आणि त्यांतील ६० जणांना कोणी विचारीतच नाहीं.

यावरील तोड मला फार आवडते. एकदम उडी न मारतां निम्म्यानिम्म्यानें उतरावें : प्रथम २,४८० × ३,५०८, मग १,२४० × १,७५४, शेवटीं ६२० × ८७७. दर पायरीला चार बिंदूंचा एक होतो, म्हणून चौघांना विचारणारी रीत तेथें सर्वांनाच विचारते. तीन पायऱ्या म्हणजे तिप्पट काम असें वाटेल. पण दुसरीचें काम पहिलीच्या चतुर्थांश आणि तिसरीचें षोडशांश.

स्मृतीचा प्रश्न मात्र याआधीं, वाचतांनाच, सोडवावा लागतो. 'इमेजरीडपॅरम'ला दोन्ही दिशांनीं एकाआड एक बिंदु घ्यावयास सांगितलें, कीं चित्राला चतुर्थांश स्मृति पुरते. जेपेग फाइल सबंध उलगडावीच लागते, त्यामुळें वेळ त्या मानानें वाचत नाहीं. पण प्रोग्राम जगतो, आणि शिरोरेषा दोन-तीन बिंदूंची होऊन कां होईना, टिकते. याहून मोठी उडी येथें घेऊं नये.

आणि एकदां लहान केलेलें चित्र जपून ठेवावें. खिडकी जराशी हलली कीं पुन्हां सबंध पान आटवावयास बसणारे प्रोग्राम मीं कांहीं थोडे पाहिलेले नाहींत.