‘सी’ची कावीळ आणि पिशवीतला जुना कागद

(ग्रामसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



कावीळ म्हटलं की आपण पाण्याला दोष देतो आणि गळ्यात काविळीची माळ घालतो. ‘ए’ आणि ‘ई’ कावीळ दूषित पाण्यातून होते, हे खरंच. पण हिपॅटायटिस ‘सी’ रक्तातून येते. पुन्हा वापरलेली सुई, जत्रेत एकाच सुईनं दहा जणींचं गोंदण, अशी. डोळे पिवळे होतीलच असं नाही. वर्षानुवर्षं काही कळत नाही आणि आत लिव्हर खराब होत राहतं.

समजा, तुमची पहिली तपासणी पॉझिटिव्ह आली. लगेच रडायला बसू नका. त्यात अँटिबॉडी दिसतात, म्हणजे विषाणू कधीतरी अंगात शिरल्याची खूण. काहींचा विषाणू आपोआप जातो, काहींचा औषधानं. खूण मात्र राहते. म्हणून आरएनए तपासणी करायची. तीत विषाणू सापडला, तरच आजार आत्ता आहे हे पक्कं होतं.

पुढचा प्रश्न, लागण नवी की जुनी? इथं घोडं अडतं. आधीचा निगेटिव्ह रिपोर्ट असेल, तर लागण त्या दोन तारखांच्या मधली. मग तेवढ्या दिवसांत इंजेक्शन, सलाईन, डायलिसिस कुठं झालं ते विचारता येतं. एकाच भागातले असे दोन-तीन नवे रुग्ण नोंदले गेले, की सुई कुठं चुकतेय त्याचा माग लागतो. आपण तर रिपोर्ट चुलीत घालतो! अगदी ताज्या लागणीत अँटिबॉडी अजून तयार नसतात. तेव्हा पहिली तपासणी निगेटिव्ह आणि आरएनए पॉझिटिव्ह, असंही होतं.

आणखी एक. गरोदरपणातली ‘एचबीएसएजी’ तपासणी ‘बी’ची असते, तिला ‘सी’ची समजू नका.

‘सी’ला लस नाही, पण औषध आहे. २८ जुलै २०१८ला सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. बहुतेकांना १२ आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात. त्या संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए तपासतात. बरं वाटलं म्हणून ही शेवटची तपासणी चुकवू नका.

पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनो, रिपोर्ट कोपीत भिजतो. बँक पासबुकाच्या प्लॅस्टिक पिशवीतच तो ठेवा, मोबाईलमध्ये फोटोही काढा, तारीख नीट दिसेल असा. तपासणीसाठी कुठं जायचं ते आशाताईंना नाहीतर जिल्हा रुग्णालयात विचारा.